पॅरी फोर

यंदा सप्टेंबरमध्ये एका कोड रिव्ह्यूत मी आमच्या टीममधल्या नव्या मुलाला अडवलं. बाहेरून आलेलं टोकन आपल्याकडच्या टोकनशी जुळतंय का, एवढंच तपासणारं फंक्शन त्याने लिहिलं होतं. दोन स्ट्रिंग सरळ एकमेकींशी ताडून बघितल्या होत्या. "चालतंय की," तो म्हणाला. चालत होतं. पण अशी तुलना पहिलं न जुळणारं अक्षर सापडलं की तिथेच थांबते. पहिलंच अक्षर चुकलं तर उत्तर लवकर येतं, पहिली दहा बरोबर असतील तर किंचित उशिरा. हा फरक इतका बारीक असतो की माणसाला कळणार नाही, पण हजारो वेळा विचारून सरासरी काढणाऱ्याला कळतो. तो एकेक अक्षर पुढे सरकत अख्खं टोकन हुडकून काढू शकतो. आपण प्रत्येक वेळी "नाही" म्हणतोय, आणि "नाही" म्हणायला किती वेळ घेतला यातूनच सगळं सांगून टाकतोय.

याला टायमिंग अटॅक म्हणतात. १९९६ साली पॉल कोचर या संशोधकाने दाखवलं की गुप्त किल्ली वापरून गणित करायला यंत्राला किती वेळ लागतो हे मोजून ती किल्लीच शोधता येते. त्यावरचा उपाय ऐकायला सोपा आहे. पहिलं अक्षर चुकलं तरी शेवटपर्यंत सगळी अक्षरं तपासायची. उत्तर काहीही असो, वेळ तेवढाच.

त्याला हे समजावताना माझ्या तोंडून निघून गेलं, "पॅरी लवकर नाही मारायची." तो म्हणाला, "काय?" मी म्हटलं, काही नाही, कमेंट वाच आणि बदल.

मला हा अटॅक इंजिनिअरिंगला जायच्या आधीच माहीत होता. वयाच्या सोळाव्या वर्षी एक मुलगी तो माझ्यावर रोज संध्याकाळी करायची.

मी छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादची. आमच्या शहरात साईचं केंद्र आहे आणि तलवारबाजी हा तिथला जुना, मानाचा खेळ. त्यामुळे गल्लीतल्या एखाद्या घरातली मुलगी फेन्सिंगला जाते याचं आमच्याकडे फार आश्चर्य वाटत नाही. बाहेरगावच्या नातेवाइकांना मात्र वाटायचं. 'तलवारबाजी' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर भवानी तलवार आणि दांडपट्टा. एका लग्नात एका काकांनी अगदी गंभीरपणे विचारलं होतं, "घोड्यावर बसून का गं?" मी आठवीत होते. मास्क, पांढरं जॅकेट आणि कमरेच्या मागून निघालेली वायर असला माझा फोटो त्यांना दाखवल्यावर म्हणाले, "ही तर मधमाश्या पाळायला निघालेली दिसतेय."

खेळाची भाषा फ्रेंच. रेफरी म्हणतो "आँ गार्द", म्हणजे सज्ज व्हा. मग "प्रे?", म्हणजे तयार का? आणि मग "आले!", म्हणजे सुरू करा. पहिल्या दिवशी सरांनी हात खाली आणत "आले!" म्हटलं आणि आम्ही सहाही पोरींनी दाराकडे बघितलं. कोण आले? सर हसून हसून खाली बसले होते. त्या सहांत ती होती.

तिचं नाव लिहीत नाही. तिला आवडणार नाही, आणि पुढे जे येतंय त्यानंतर तिच्या आवडीनिवडीचा मान ठेवायचा थोडा तरी प्रयत्न करावा म्हणते.

फेन्सिंगमध्ये तीन हत्यारं असतात. एपीत अख्खं शरीर लक्ष्य, सेबरमध्ये कमरेच्या वरचं सगळं आणि तिथे वारही चालतो. आम्ही खेळायचो ते फॉइल. यात फक्त धड, आणि फक्त टोकाने. अंगावर धातूच्या धाग्यांचं लामे जॅकेट असतं. फॉइलच्या टोकाला एक बटण असतं आणि त्यातून सतत करंट वाहत असतो. टोक दाबलं की सर्किट तुटतं. दाबलेलं टोक समोरच्याच्या लामेला टेकलेलं असेल तर रंगीत लाईट लागते, लाल किंवा हिरवी. हाताला, पायाला लागलं तर पांढरी, म्हणजे पॉइंट नाही पण खेळ थांबतो. ते बटण दाबायला ५०० ग्रॅमचा जोर लागतो आणि ते १३ ते १५ मिलिसेकंद तरी दाबलेलं राहावं लागतं. आमच्या धंद्यात याला डीबाउन्स म्हणतात. कीबोर्डच्या की-पासून लिफ्टच्या बटणापर्यंत सगळीकडे हेच चालतं, नुसत्या थरथरीला दाब समजायचं नाही. आधी हा वेळ याहून खूप कमी होता. तेव्हा खेळाडू लवचिक पातं चाबकासारखं झटकून मागून पाठीवर टोक टेकवायचे आणि लाईट लागायची. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकनंतर नियम बदलले आणि नुसत्या झटक्यांचं पीक बरंच कमी झालं.

दुसरा आकडा ३०० मिलिसेकंदांचा. एकाचं टोक लागलं की मशीन तेवढा वेळ दुसऱ्याची वाट बघतं. तेवढ्यात त्याचंही लागलं तर दोन्ही लाईट लागतात. नंतर लागलं तर मशीन बघतच नाही.

आता खरी गंमत. एपीत दोघांचे टोक एकाच वेळी लागले तर दोघांना पॉइंट, विषय संपला. फॉइलमध्ये दोन लाईट लागल्या तरी पॉइंट एकालाच. कोणाला, हे मशीनला माहीत नसतं. ते ठरवतो रेफरी. नियम असा की ज्याने आधी हल्ला सुरू केला, हात लांबवून टोकाने लक्ष्याला धमकी दिली, त्याचा हक्क. समोरच्याने आधी तो हल्ला अडवायला हवा. आपल्या पात्याने त्याचं पातं बाजूला सारायचं, ती पॅरी. पॅरी झाली की हक्क उलटतो आणि लगेच मारलेला उलट वार, म्हणजे रिपोस्ट, त्याचा होतो. म्हणजे दोन लाईट लागल्यावर रेफरीला मनातल्या मनात मागचा एक सेकंद उलगडावा लागतो. आधी काय, मग काय. आणि हे 'आधी' घड्याळातलं नव्हे. फेन्सिंगच्या नियमांत वेळेचं स्वतःचं एकक आहे. एक साधी हालचाल पूर्ण करायला लागतो तो वेळ, तो एक टेम्पो. तो माणसागणिक बदलतो.

तिसऱ्या वर्षाला डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स शिकताना लेस्ली लॅम्पोर्टचा १९७८ चा पेपर आला. वेगवेगळ्या मशीनची घड्याळं कधीच एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा 'किती वाजता' हे सोडून द्या आणि 'कशाच्या आधी काय' एवढंच धरा, असं काहीसं त्याचं म्हणणं. वर्गातल्या मुलांना ते जड गेलं. मला वाटलं, हे तर सर रोज ओरडून सांगायचे.

पॅरीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण सगळं तिथेच घडलं. पात्याचा मुठीजवळचा भाग मजबूत असतो, टोकाकडचा कमकुवत. आपल्या मजबूत भागाने त्याचा कमकुवत भाग पकडायचा. ताकद लागत नाही, एवढ्याशा हालचालीने समोरचं टोक तुमच्या खांद्याच्या बाहेर जातं. पॅरींना नंबर असतात. उजव्या हाताने खेळणाऱ्याने हात छातीसमोरून डावीकडे नेला की पॅरी फोर. बाहेरच्या बाजूला नेला की सिक्स. खालच्या बाजूसाठी सेव्हन आणि एट. नवीन पोराला सगळ्यात आधी फोर येते. ती अंगातच असते. डोळ्यासमोर काही आलं की माणूस हात असाच आडवा घालतो.

आणि म्हणूनच ती फसवायला सोपी. समोरचा टोक पुढे करतो, तुम्ही फोर मारायला हात डावीकडे नेता, तो बोटांच्या एवढ्याशा हालचालीने टोक तुमच्या पात्याखालून पलीकडे काढतो. त्याला डिसएंगेज म्हणतात. तुमचं पातं हवेत फिरतं आणि तोवर त्याचं टोक तुमच्या मोकळ्या छातीवर वाकलेलं असतं.

यावर उपाय एकच. उशिरा. सर हॉलच्या त्या टोकाकडून ओरडायचे, "अजून उशिरा! घाई कसली आहे, बस सुटतेय का?" टोक जवळपास अंगाला लागेपर्यंत थांबायचं, म्हणजे त्याला बदलायला वेळच उरत नाही. ऐकायला ठीक आहे. पण डोळ्याने बघून हात हलायला माणसाला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे उशिरा म्हणजे किती उशिरा, याचा निर्णय टोक निघायच्या आधीच घ्यावा लागतो. नाही तर पात्याला पातं लावून ठेवायचं आणि स्पर्शावरून वाचायचं. स्पर्श डोळ्यापेक्षा थोडा लवकर पोचतो. चांगल्या खेळाडूंचा हात असा ऐकत असतो.

माझा हात ऐकायचा नाही, बोलायचा.

मी लवकर पॅरी मारायचे, आणि नेहमी फोर. तिला हे पहिल्या महिन्यात कळलं. तिचा खेळ बघायला कंटाळवाणा वाटायचा. ती पुढे यायची, टोक दोन इंच पुढे करायची, मागे जायची. पुन्हा दोन इंच. ती मारत नव्हती, विचारत होती. आणि मी दर वेळी उत्तर देत होते. हात किती हलला, कधी हलला, परत यायला किती वेळ लागला. पाचसहा वेळा विचारून झालं की ती खरा लंज मारायची आणि तिचं टोक मी अजून न गेलेल्या जागी आधीच पोचलेलं असायचं. सराव संपला की ती मला म्हणायची, "तू ना, प्रश्न पूर्ण व्हायच्या आधीच उत्तर देतेस." मी म्हणायचे, "कुठे?" आणि ती हसायची, कारण तेही मी लगेच म्हटलेलं असायचं.

घरीही मी तशीच होते. आई "अगं ते..." एवढं म्हणेपर्यंत मी "केलं" म्हणायचे. बहुतेक वेळा केलेलं नसायचं.

ती वाळूजहून बसने यायची. वडील तिथे एका कारखान्यात होते. ती क्लबचं जॅकेट आणि क्लबचं फॉइल वापरायची. जॅकेटची बाही तिला लांब व्हायची, म्हणून दुमडून घ्यायची. माझं सगळं स्वतःचं होतं, वायरसुद्धा दोन. हे तेव्हा मला फारसं दिसायचं नाही. तिच्या घरी या खेळाचा अर्थ सरळ होता. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. तिला पोलिसात जायचं होतं. जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशी शिडी आणि प्रत्येक पायरीवर एक प्रमाणपत्र. राज्याला खेळल्याशिवाय पुढचं दारच उघडत नाही. माझ्या घरी या खेळाचा अर्थ होता, "चांगलं आहे, व्यायाम होतो, बारावीला मात्र बंद."

२०१३ च्या डिसेंबरमध्ये निवड चाचणी झाली. संघात चार जणी जाणार होत्या. तीन नक्की झाल्या. चौथ्या जागेसाठी आम्ही दोघी, पाच पॉइंटची एक बाउट.

पहिले तीन तिने घेतले. सगळे पॅरी फोरच्या खालून. मग मी काहीतरी वेडं केलं. पॅरी मारायचीच नाही असं ठरवून मागे मागे जात राहिले आणि ती लंज मारून अडकली की मारत राहिले. चौदा मीटरच्या पिस्टवर मागे जायला जागा संपेपर्यंत हे चालतं. ३-३. एक तिला, एक मला. ४-४.

शेवटचा पॉइंट मी इतक्या वेळा मनात चालवून बघितला आहे की आता आठवण कुठली आणि मी नंतर भरलेलं काय, हे वेगळं करता येत नाही. पण एक गोष्ट नक्की आहे. ती पुढे आली, टोक माझ्या छातीकडे आलं, आणि माझा हात गेला. डावीकडे, मोठा, फोर. आणि पात्याला पातं लागलं नाही. पॅरी लागली की मुठीत एक टणक धक्का बसतो आणि 'ठक्' असा आवाज येतो. दोन्हींपैकी काही नव्हतं. तिचं टोक खालून गेलं होतं. माझ्या उजव्या बरगडीवर ते टेकलेलं मला जॅकेटच्या आतून जाणवलं. आणि माझा हात, जो हवेतून परत येतच होता, त्याच वेगात पुढे गेला आणि तिच्या खांद्याखाली लागला.

दोन लाईट.

रेफरी बाजूला उभा होता. त्याने काय बघितलं असेल, हे मला आता कळतं. माझा हात आडवा गेलेला बघितला, मग पुढे गेलेला बघितला, मग दोन लाईट बघितल्या. मधला स्पर्श त्याने बघितला नाही, कारण तो नव्हताच. मग त्याने तो भरला. जे दिसतंय त्याला जोडणारी सगळ्यात सोपी गोष्ट तीच होती. त्याने हाताने खुणा केल्या. हल्ला तिकडून, पॅरी, रिपोस्ट, पॉइंट इकडे. बाउट संपली.

तिने मास्क काढला. रेफरीकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

फेन्सिंगमध्ये एक जुनी पद्धत होती. विजेवरची मशीन यायच्या आधी चार जज आणि मध्ये एक मुख्य, असे पाच जण डोळ्यांनी पॉइंट ठरवायचे. एपीला मशीन १९३६ च्या ऑलिम्पिकपासून, फॉइलला १९५६ पासून, सेबरला तर १९९२ पासून. त्या पाच जणांना दिसो न दिसो, लागलं तर ज्याला लागलं त्याने स्वतः सांगायचं, हा रिवाज होता. 'तुशे', लागलं. मशीन आल्यावर ते सांगायचं काम मशीनकडे गेलं. पण पॅरी लागली की नाही हे कुठल्याही मशीनला समजत नाही. ते अजून दोघांनाच माहीत असतं, कधी कधी एकालाच.

मी सलाम केला. डावा हात पुढे केला, कारण उजव्यात हत्यार असतं आणि नियमाने हस्तांदोलन मोकळ्या हाताने करायचं. तिने हात दिला. तिचा हात गार होता, डिसेंबर होता.

राज्य स्पर्धेला आम्ही दुसऱ्याच फेरीत बाहेर पडलो. प्रमाणपत्र मिळालं. ते घरी एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आहे, जातीचा दाखला आणि डोमिसाइलच्या मध्ये. मी ते आजवर कुठेही जोडलेलं नाही.

फेब्रुवारीपासून ती हॉलवर यायची बंद झाली. सरांनी काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मग पुणे, कॉलेज, हॉस्टेल. पहिल्या वर्षी थोडं खेळले, मग सुटलं. पण रात्री यूट्यूबवर बाउट बघायची सवय राहिली, आणि मी कसल्या बाउट शोधायचे हे आता लक्षात येतं. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिम्पिकमधला बोरिस ओनिश्चेंको. सोव्हिएत संघाचा मॉडर्न पेंटॅथलॉनचा खेळाडू, त्याने एपीच्या मुठीतच छुपा स्विच बसवला होता. टोक न लागताच लाईट. ब्रिटनच्या जिम फॉक्सशी खेळताना तो पकडला गेला, स्पर्धेतून बाद झाला. त्याची गोष्ट वाचून मला बरं वाटायचं. निदान मी स्विच तर बसवला नव्हता.

आणि शिन आ-लाम. २०१२, लंडन, एपीची सेमीफायनल, समोर जर्मनीची ब्रिटा हाइडेमान. जादा वेळेत ५-५. चिठ्ठीने प्राधान्य शिनला मिळालेलं, म्हणजे बरोबरीत वेळ संपली तर शिन फायनलला. घड्याळात एक सेकंद उरला. "आले", दोघींना लागलं, पॉइंट नाही. घड्याळात एक सेकंदच. पुन्हा, पुन्हा एक सेकंद. त्या एका सेकंदात हाइडेमान हल्ल्यांवर हल्ले करत राहिली आणि शेवटी तिचा लागला. कोरियाने दाद मागितली. पिस्ट सोडून गेलं तर निकाल मान्य केला असं धरतात, म्हणून शिन तिथेच बसून राहिली. तासभर. मास्क बाजूला, रडत, हजारो लोकांसमोर. शेवटी तिची दाद फेटाळली गेली. तो व्हिडिओ मी किती वेळा बघितला याला गणती नाही. बघताना मी शिनकडे बघायचे नाही. मी हाइडेमानकडे बघायचे. तिने नियमात काहीच चुकीचं केलं नव्हतं. घड्याळ तिच्या हातात नव्हतं. तिचा वार तर खरोखर लागला होता. मला तिच्या चेहऱ्यावर काय शोधायचं होतं कोण जाणे.

२६ जुलै २०२१ ला मात्र वेगळ्या कारणाने लवकर उठले. भवानी देवी टोकियोत उतरली, ऑलिम्पिक खेळणारी पहिली भारतीय तलवारबाज. वर्क फ्रॉम होमचे दिवस. पहिली बाउट १५-३ जिंकली, दुसरीत फ्रान्सच्या मॅनॉन ब्रुनेकडून ७-१५ हरली. सेबर मला फारसं कळत नाही, तिथे सगळं पापणी लवायच्या आत संपतं. पण बाउट संपल्यावर मी आमच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर 'बघितलं का गं' टाकलं आणि पहिला अंगठा तिचा आला. सात वर्षांत पहिल्यांदा. मी लगेच टाइप केलं, 'कशी आहेस'. मग खोडलं.

दोन वर्षांपूर्वी पाठदुखीच्या डॉक्टरांनी काहीतरी खेळा म्हटलं, तेव्हा पुण्यात एका क्लबला जायला लागले. पंधरा वर्षांची पोरं मला फोरच्या खालून मारतात. आता मात्र मला त्याची गंमत वाटते. कधी कधी जमतंही. टोक येताना दिसतं, हात जागचा हलत नाही, एक क्षण जास्त, आणि मग 'ठक्'. त्या आवाजासारखं सुख आमच्या नोकरीत फार कमी वेळा मिळतं.

यंदा दिवाळीला घरी गेले तेव्हा समजलं, दिवाळीनंतरच्या रविवारी आमच्या जुन्या हॉलवर लहान मुलांच्या सराव बाउट आहेत. सरांना भेटायचं म्हणून गेले. हॉलचा रंग बदललाय, पंखे तेच. मधल्या पिस्टवर एक बाई पोरांची बाउट घेत होती, हात कोपरात दुमडून, मान किंचित वाकडी करून. मान बघूनच ओळखलं.

ती वाळूजला एका कंपनीत स्टोअरमध्ये आहे. दोन वर्षांपूर्वी तिने रेफरीची परीक्षा दिली. रविवारी इथे येते. तिने हे सगळं मला मधल्या वेळात, चहाचा कागदी कप हातात धरून सांगितलं. वजन वाढलंय, माझंही. तिने विचारलं, "अजून फोरच मारतेस?" मी हो म्हटलं आणि दोघी हसलो. फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मला थांबता आलं नाही.

मी म्हटलं, "ती शेवटची. चाचणीतली. पॅरी नव्हती लागली."

ती कपात बघत राहिली.

मला वाटत होतं ती "माहीत आहे" म्हणेल. बारा वर्षं मी तेच धरून चालले होते. तिने मास्क काढून माझ्याकडे बघितलं ते म्हणजे तिला माहीत होतं, आणि ती मला बोलायची संधी देत होती. माझी सगळी गोष्टच त्या नजरेवर उभी होती.

ती म्हणाली, "मला वाटलं होतं लागली."

मग म्हणाली, "मला वाटलं, शिकली शेवटी ही. थांबायला शिकली. मी तुझ्याकडे बघितलं, म्हटलं आता ही काहीतरी मिरवेल."

मी काय बोलणार.

"मी घरी जाऊन पप्पांना सांगितलं, की ती चांगली खेळली." तिने कप चुरगळला. "मला वाटायचं माझा डिसएंगेज मोठा झाला, म्हणून तुला सापडलं पातं. मी पोरांना तेच सांगते. ते टोक मोठं फिरवतात ना, त्यांना सांगते, मी असंच हरले होते, बोटांनी करा, मनगटाने नको."

म्हणजे तिचा डिसएंगेज बरोबर होता. बारा वर्षं ती एक चूक सुधारत होती, जी तिने केलीच नव्हती, आणि दुसऱ्यांना शिकवत होती. आणि हे तिला आत्ता, पोरांच्या गोंगाटात, मी सांगितलं होतं, मला बरं वाटत होतं म्हणून.

"तू खेळणं त्यामुळे सोडलंस का?" मी विचारलं.

"नाही गं. पप्पांची कंपनी बंद पडली. बसचा पास परवडत नव्हता." मग जरा थांबून, "पण राज्याला गेले असते तर कदाचित सरांनी काही केलं असतं. माहीत नाही."

मग तिने विचारलं, "तेव्हा का नाही बोललीस?"

मी म्हटलं, "घाबरले."

तिने मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं, मघाशी पोरांकडे बघत होती तशी. मला कळलं की मी उत्तर लगेच दिलं होतं. प्रश्न संपायच्या आधी. आणि ते खरं उत्तर नव्हतं. मी घाबरले नव्हते. मला जिंकायचं होतं, आणि आवाज आला नाही हे ऐकूनही मी जिंकले होते, आणि ते मला आवडलं होतं.

"अजून तशीच आहेस," ती म्हणाली. रागाने म्हणाली नाही. कशाने म्हणाली ते मला सांगता येणार नाही.

पिस्टवरून एक पोरगी ओरडली, "मॅडम, चला ना!" लामे जॅकेट तिला मोठं होत होतं, बाही दुमडलेली होती. ती उठली, कप डब्यात टाकला, मला म्हणाली, "थांबतेस ना? अजून तीन बाउट आहेत." आणि उत्तराची वाट न बघता गेली.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. दोन्ही पोरी रेषांवर आल्या, सलाम झाला, मास्क खाली आले. तिने दोन्ही हात पुढे धरले.

"आँ गार्द. प्रे?"

त्या पोरीचं टोक थरथरत होतं.

"आले!"